कंटेनरमधले ग्रुपवेअर: वेगवेगळ्या लिनक्सवर बसवणे आणि अद्ययावत ठेवणे

ग्रुपवेअर म्हणजे संस्थेचे सामाईक दप्तर. ईमेल, कॅलेंडर, पत्तावही, कामांची यादी आणि फाइली एकाच प्रणालीत राहतात आणि ज्याला जेवढा अधिकार दिला असेल तेवढेच त्याला दिसते. मोबाइलवरील कॅलेंडर आणि पत्तावही कॅलडॅव्ह, कार्डडॅव्ह अशा खुल्या मानकांनी त्याला जोडता येतात. पुष्कळ संस्थांत हे काम आज व्हॉट्सॲपच्या गटांवर चालते. बैठकीची सूचना एका लिपिकाच्या फोनवरून निघते, इतिवृत्त दुसऱ्याच्या खासगी ईमेलमध्ये पडून असते आणि माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर कागदही जातात.

पाच जिल्ह्यांत पसरलेल्या कारभारात ही उणीव जास्त बोचते. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे जिल्हे येतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र तर सगळा विदर्भ आहे. अशा परिसरात मुख्य इमारत अमरावतीत आणि दुसरी अकोल्यात असलेले एखादे महाविद्यालय उदाहरणादाखल घेता येईल. दोन शहरांत सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर, दोन्हीकडे वेगवेगळ्या काळात घेतलेले सर्व्हर, एकावर उबुंटू तर दुसऱ्यावर रॉकी लिनक्स, आणि दोन्ही सांभाळायला संगणक विभागातला एखादा शिक्षक, तोही तासिका घेऊन उरलेल्या वेळात. प्राध्यापकांच्या बैठका, परीक्षेचे वेळापत्रक आणि नॅकची कागदपत्रे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची असतील तर अशा संस्थेला कंटेनरमधून चालणारे ग्रुपवेअर सर्वांत झेपणारे आहे. मात्र त्यात काय बदलते आणि काय तसेच राहते हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. एकाच वाड्यातल्या बिऱ्हाडांची विहीर सामाईक आणि चूल वेगळी असते, तसे सगळे कंटेनर यजमान लिनक्सचा कर्नेल वापरतात, पण प्रत्येकाची फाइल-रचना, लायब्ररी आणि प्रक्रियांची यादी आपापली असते. हे वेगळेपण लिनक्सच्या दोन सोयींवर उभे आहे. नेमस्पेसमुळे एका गटातल्या प्रक्रियांना दुसऱ्या गटातले काही दिसत नाही. सीग्रुपमुळे कोणाला किती मेमरी आणि किती प्रोसेसर मिळेल यावर मर्यादा घालता येते. सीग्रुपचे काम २००६ मध्ये गूगलमध्ये सुरू झाले आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या कर्नेलमध्ये ते दाखल झाले. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर हे कंटेनर चालवणारे साधन लोकांसमोर आणले आणि ही सोय सर्वांच्या हाती आली. जून २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन झाल्यावर इमेजचे स्वरूप कोणा एका कंपनीचे राहिले नाही. इमेज म्हणजे प्रणाली आणि तिला लागणारे सगळे साहित्य यांचा न बदलणारा गठ्ठा. तो चालू केला की कंटेनर होतो.

याचा फायदा कळायला ईग्रुपवेअर हे उदाहरण चांगले आहे. २००३ मध्ये पीएचपीग्रुपवेअर या प्रकल्पातून फुटून निघालेले हे मुक्त सॉफ्टवेअर आज जर्मनीतील कायझर्सलाउटर्नच्या एका कंपनीच्या आधाराने चालते. पूर्वी ते बसवायचे तर अपाची, पीएचपी, त्याची पंधरावीस विस्तार-पॅकेजे आणि मारियाडीबी हे सगळे यजमान यंत्रावर हाताने जुळवावे लागे. डेबियनवरची पीएचपी आवृत्ती वेगळी, सेंटओएसवरची त्याहून जुनी. म्हणून एका यंत्रावर चाललेली कृती दुसऱ्यावर अडायची. १९.१ या आवृत्तीपासून ईग्रुपवेअर कंटेनरमध्ये आले. मुख्य प्रणालीचा एक कंटेनर, एनजिनएक्सचा दुसरा, डेटाबेसचा तिसरा, तत्काळ सूचनांसाठी पुशचा चौथा आणि नव्या इमेज आणणारा वॉचटॉवर हा पाचवा, अशी त्याची मांडणी आहे. पीएचपी आता इमेजच्या आत असल्यामुळे यजमानावर कोणती पीएचपी आहे, किंवा मुळात आहे की नाही, याचा संबंध उरत नाही.

तरीही डिस्ट्रिब्यूशनमधले फरक संपत नाहीत. ते कडेला सरकतात. कंटेनर चालवणारे इंजिन, कंटेनरपुढे यजमानावर चालणारी बाहेरची वेब-सेवा, फायरवॉल आणि सुरक्षा-धोरण या चार ठिकाणी ते भेटतात, आणि बसवताना होणारा त्रास बहुतेक याच चार ठिकाणी होतो.

ईग्रुपवेअरचे पॅकेज ओपनसुसे बिल्ड सर्व्हिसवर डेबियन, उबुंटू, रेड हॅट आणि सुसे या सगळ्या कुळांसाठी तयार होते. म्हणजे रेपो जोडायचा आणि 'ईग्रुपवेअर-डॉकर' हे पॅकेज मागवायचे. डेबियन-उबुंटूवर हे काम ॲप्ट करते, रेड हॅट कुळात डीएनएफ आणि सुसेवर झिपर. पॅकेज कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी कंपोज फाइल एटसी फोल्डरमध्ये मांडते, माहितीसाठी व्हार-लिब फोल्डरखाली जागा करते, इमेज उतरवते आणि 'सिसऑप' नावाचे प्रशासक खाते तयार करते. त्या खात्याचा आपोआप बनलेला पासवर्ड इन्स्टॉलच्या लॉग-फाइलीत लिहिलेला असतो. तो लगेच बदलावा आणि लॉग इतरांना वाचता येणार नाही असा ठेवावा. गडबडीत ही पायरी हमखास राहून जाते.

उबुंटूवर एक जागा विशेष फसवी आहे. तेथे डॉकर तीन वाटांनी मिळते: उबुंटूच्या स्वतःच्या रेपोतले 'डॉकर-आयओ', डॉकर कंपनीच्या रेपोतले 'डॉकर-सीई' आणि स्नॅप. सर्व्हर बसवतानाच्या पडद्यावर स्नॅपचा पर्याय समोर येतो आणि सोयीचा म्हणून निवडला जातो. पण स्नॅपमधले डॉकर स्वतःच बंदिस्त असते. यजमानाचे एटसी किंवा व्हार फोल्डर त्याला मोकळेपणी दिसत नाही. परिणामी कंटेनर चालू होतात, पण सेटिंग्ज सापडत नाहीत आणि चूक नेमकी कुठे आहे ते संदेशावरून कळत नाही. ग्रुपवेअरसाठी स्नॅप टाळावे. डॉकर कंपोजचेही तसेच. पायथॉनमध्ये लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीला २०२३ च्या मध्यापासून सुधारणा मिळणे थांबले. आताचे कंपोज हे डॉकरचाच उपआदेश म्हणून चालते आणि जुन्या मार्गदर्शिकांतली जोडचिन्हाची आज्ञा नव्या यंत्रावर सापडत नाही.

रेड हॅटने मे २०१९ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून डॉकर वगळून पॉडमन दिले. रॉकी आणि अल्मा यांच्यातही तेच आहे. पॉडमन चांगले साधन आहे. त्याला सतत चालणारी मध्यवर्ती सेवा लागत नाही आणि सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारातही कंटेनर चालवता येतात. पण डॉकर गृहीत धरून बनलेले पॅकेज त्याच्यावर जसेच्या तसे चालेल याची खात्री नसते, विशेषतः वॉचटॉवरसारखा कंटेनर डॉकरच्या सॉकेटशी थेट बोलू पाहतो तेव्हा. म्हणून या कुळात डॉकर-सीईचा रेपो जोडावा आणि पॉडमन आणि कंटेनर सुरू करणारे रनसी यांची आधीची पॅकेजे आड येत असतील तर काढावीत.

याच कुळात एसईलिनक्स जागा असतो, आणि तो बंद करा असा सल्ला जागोजागी मिळतो. तो सल्ला मानू नये. अडचण बहुधा एवढीच असते की बाहेरच्या अपाचीला आतल्या ८०८० पोर्टशी जोडणी करण्याची परवानगी नसते आणि पडद्यावर ५०३ ही चूक दिसते. एचटीटीपीडीला नेटवर्क-जोडणीची मुभा देणारे एक बूलियन कायमचे चालू केले की काम होते. सेटसीबूल ही आज्ञा त्यासाठीच आहे. एका ओळीने सुटणाऱ्या अडचणीसाठी संपूर्ण संरक्षण उतरवून ठेवणे संस्थेला परवडणारे नाही. डेबियन आणि उबुंटूवर ॲपआर्मर असते आणि ते या ठिकाणी सहसा आड येत नाही. बाहेरच्या वेब-सेवेची सेटिंग्ज डेबियन व सुसेवर 'अपाची२' नावाच्या, तर रेड हॅटवर 'एचटीटीपीडी' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. एका सर्व्हरची टिपणे दुसऱ्यावर वापरताना एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरते.

फायरवॉलची गोष्ट जास्त गंभीर आहे. डॉकर एखादे पोर्ट उघडते तेव्हा आपले नियम कर्नेलच्या पॅकेट-तपासणीत स्वतः घालते, आणि ते उबुंटूच्या यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा देऊन जातात. यूएफडब्ल्यू 'बंद' दाखवते आणि पोर्ट बाहेरून उघडे असते. यावर साधा उपाय असा की कंपोजमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहावा. मग त्या पोर्टपर्यंत फक्त त्याच यंत्रावरून पोचता येते आणि बाहेरची सगळी वर्दळ एन्क्रिप्टेड वेब-सेवेतूनच जाते. खात्रीसाठी दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावरून ते पोर्ट उघडून पाहावे.

कॅम्पसच्या नेटवर्कशी होणारी टक्कर हा या भागातल्या मोठ्या संस्थांत संभवणारा दोष आहे. डॉकर आपल्या आतल्या जाळ्यांसाठी १७२.१७ आणि त्यापुढच्या मालिकेतले पत्ते घेते. महाविद्यालयाच्या एखाद्या प्रयोगशाळेला किंवा वसतिगृहाला १७२.१८ ची मालिका दिलेली असेल तर तिथल्या संगणकांनाच ग्रुपवेअर उघडत नाही, बाकी सगळ्यांना उघडते. सर्व्हरला ते पत्ते स्वतःच्या पोटातले वाटतात, म्हणून उत्तर बाहेर जातच नाही. डॉकरच्या डीमन नावाच्या सेटिंग्ज-फाइलीत पत्त्यांची वेगळी मालिका नेमून दिली की प्रश्न मिटतो, पण हे पहिल्याच दिवशी करावे. जाळे तयार झाल्यावर बदल करायचा तर सगळे कंटेनर उतरवावे लागतात.

इमेज उतरवतानाही एक मर्यादा आड येते. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून खाते नसलेल्यांसाठी उतरवण्यावर बंधन घातले आणि ते आयपी पत्त्यानुसार मोजले जाते. संपूर्ण महाविद्यालय एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असते. विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा सकाळी डॉकर शिकत असेल तर दुपारी सर्व्हरला नवी इमेज मिळत नाही. संस्थेचे खाते काढून लॉग-इन केले की वेगळी मर्यादा मिळते. दुसरी वाट अशी: अमरावतीच्या सर्व्हरवर इमेज एकदा उतरवायची, डॉकरच्या 'सेव्ह' आज्ञेने तिची फाइल करायची आणि अकोल्याच्या सर्व्हरवर 'लोड' करायची. फाइल पेनड्राइव्हवरूनही नेता येते. दोन्ही यंत्रांची प्रोसेसर-जात एकच असावी एवढीच अट आहे. एकावर उबुंटू आणि दुसऱ्यावर रॉकी असले तरी तीच फाइल दोन्हीकडे चालते. कंटेनरने दिलेली खरी सोय हीच आहे.

वेळेचे आणि मराठीचे प्रश्न इन्स्टॉलच्या मार्गदर्शिकांत फारसे येत नाहीत, पण वापरणाऱ्यांना ते पहिल्या आठवड्यातच भेटतात. कंटेनरमधले घड्याळ बहुधा यूटीसीवर असते. पहाटे चारला अद्ययावत व्हावे असे लिहिलेले काम यूटीसीच्या चारला झाले, तर अकोल्यात तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणजे कार्यालय उघडते त्याच वेळी प्रणाली थांबते. कंपोजमध्ये प्रत्येक कंटेनरला एशिया-कोलकाता हा कालविभाग द्यावा, किंवा यूटीसीत रात्रीचे दहा लिहावेत, म्हणजे इथले पहाटेचे साडेतीन होतात.

दस्तऐवज ब्राउझरमध्ये उघडण्यासाठी ग्रुपवेअरला कोलाबोरा ऑनलाइन जोडता येते. तेही वेगळ्या कंटेनरमध्ये चालते आणि यजमानावर बसवलेले फाँट त्याला दिसत नाहीत. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेला लोहित देवनागरी किंवा दुसरा युनिकोड फाँट त्या कंटेनरच्या फाँट-फोल्डरमध्ये बाहेरून जोडावा लागतो, नाहीतर पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन येतात. जुन्या फाइलींचा प्रश्न याने सुटत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. अशी फाइल ग्रुपवेअरमध्ये शोधूनही सापडत नाही. ती चढवण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते एकदाच करायचे असते आणि पुढची अनेक वर्षे त्याचा उपयोग होतो.

युनिकोडमध्येही जागेचा हिशेब असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'अमरावती' या शब्दात काना आणि वेलांटी धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. लिनक्सच्या एक्सटी४ फाइल-रचनेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, तेव्हा मराठी नाव ८५ चिन्हांतच संपते. 'महाविद्यालय विकास समितीच्या तातडीच्या बैठकीचे इतिवृत्त' अशा नावापुढे तारीख, विभाग आणि 'अंतिम सुधारित' जोडले की ती ओलांडली जाते, आणि फाइली नावानिशी डिस्कवर काढताना नेमक्या त्याच गळतात. डेटाबेसचा डंप घेताना यूटीएफ८एमबी४ हा संच आज्ञेत लिहून द्यावा. तो चुकला तर मराठी मजकुराच्या जागी चिन्हांचा कचरा येतो आणि तोवर मूळ सर्व्हर पुसला गेलेला असू शकतो.

अद्ययावत करणे हे बसवण्यापेक्षा वेगळ्या शिस्तीचे काम आहे, कारण तेव्हा आत लोकांची माहिती असते. कंटेनरला आतून दुरुस्त करत नाहीत. जुना टाकून नव्या इमेजमधून नवा उभा करतात. कंपोजची 'पुल' ही आज्ञा नवी इमेज आणते आणि 'अप' ही जुन्या कंटेनरच्या जागी नवा लावते. माहिती कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूममध्ये असल्यामुळे टिकते. म्हणूनच 'डाउन' या आज्ञेला व्हॉल्यूम काढण्याचा पर्याय जोडू नये. त्या एका अक्षराने डेटाबेस जातो.

स्वतःचे बदल मूळ कंपोज फाइलीत न करता ओव्हरराइड फाइलीत लिहावेत. कारण पॅकेज अद्ययावत होताना मूळ फाइल बदलू शकते, आणि बदललेली फाइल समोर आली की प्रत्येक कूळ वेगळे वागते. डेबियन-उबुंटूचे डीपीकेजी थांबून विचारते: तुमची ठेवू की नवी घेऊ? रेड हॅट आणि सुसेचे आरपीएम विचारत नाही. बहुधा तुमची फाइल तशीच ठेवून नवी 'आरपीएमन्यू' या शेपटासह शेजारी ठेवते. अकोल्याच्या रॉकी सर्व्हरवर सगळे शांतपणे पार पडल्यासारखे वाटते आणि नव्या आवृत्तीला हवी असलेली ओळ मात्र कधी वाचलीच जात नाही. एटसी फोल्डरमध्ये अशा फाइली शोधणे हा तिथल्या अद्ययावतीकरणाचा भागच मानावा.

इमेजचा टॅगही विचारपूर्वक निवडावा. 'लेटेस्ट' लिहिले तर मोठी आवृत्तीही नकळत येऊ शकते. आवृत्तीचा क्रमांक लिहिला तर त्याच मालिकेतल्या दुरुस्त्या येत राहतात आणि मोठी उडी संस्थेच्या सोयीने, सुट्टीत मारता येते. त्या उडीआधी डेटाबेसचा डंप आणि फाइलींची प्रत दोन्ही घ्यावीत, कारण परतीची वाट तिथूनच आहे. जुनी इमेज पुन्हा लावणे सोपे असते, पण नव्या आवृत्तीने डेटाबेसची रचना बदललेली असते आणि जुनी प्रणाली ती वाचू शकत नाही. मारियाडीबीची मोठी आवृत्ती बदलली तर तिच्या प्रणाली-तक्त्यांचेही अपग्रेड करावे लागते आणि त्यावरून खाली उतरणे समर्थित नाही.

स्वयंचलित अद्ययावतीकरणावर पूर्ण भिस्त ठेवू नये. वॉचटॉवरला डॉकरचे सॉकेट दिलेले असते आणि सॉकेट म्हणजे व्यवहारात रूटचा अधिकार. तेव्हा त्याच्यावर लक्ष हवेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉकर इंजिनाची २९ वी आवृत्ती आली आणि तिने जुन्या एपीआय आवृत्त्या स्वीकारणे बंद केले. पुष्कळ ठिकाणी वॉचटॉवर त्या क्षणापासून अडला. ग्रुपवेअर नेहमीसारखे चालत राहिले, फक्त सुरक्षा-दुरुस्त्या येणे थांबले, आणि लॉग वाचल्याशिवाय ते कळण्याची सोय नव्हती. चालू इमेजची तारीख आठवड्यातून एकदा पाहणे हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा मार्ग आहे.

उलट दिशेचा दोषही होतो. कर्नेल आणि इंजिन यजमानाचे असल्यामुळे फार जुन्या यजमानावर फार नवी इमेज चालत नाही. जीलिबसीच्या २.३४ या आवृत्तीने नवी प्रक्रिया सुरू करायला क्लोन३ हा कर्नेल-कॉल वापरायला घेतला. डॉकरच्या २०.१०.१० पूर्वीच्या सुरक्षा-गाळणीला तो माहीत नव्हता आणि ती त्याला नकार देई. नव्या इमेजमधले कार्यक्रम 'परवानगी नाही' म्हणत पडत. दोष इमेजमध्ये शोधला जाई आणि उपाय यजमान अद्ययावत करण्यात असे. म्हणून यजमान लिनक्स, डॉकर इंजिन आणि इमेज हे तिन्ही थर वर्षभर बरोबरीने पुढे न्यावे लागतात. इंजिन बदलताना सगळे कंटेनर थांबू नयेत यासाठी डीमन फाइलीत 'लाइव्ह-रिस्टोअर' चालू ठेवता येते.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात विजेचा आणि उष्णतेचा भार यात मिसळतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि वीज दुपारी गेली तर यूपीएसवर सर्व्हर किती वेळ निघेल हे सांगता येत नाही. अद्ययावतीकरण त्या तासांत करू नये. यूपीएसची बॅटरी उतरत आली की यंत्र रीतसर बंद होईल अशी जोडणी करावी. वीज आल्यावर कंटेनर आपोआप उठावेत यासाठी 'रीस्टार्ट' धोरण लागते. एवढे मात्र पुरत नाही. कंपोजमधले 'डिपेंड्स-ऑन' नुसते लिहिले तर आधी कोण सुरू व्हावे एवढेच सांगते. डेटाबेस तयार झाला की नाही ते पाहत नाही. अचानक बंद पडलेली मारियाडीबी उठताना आधी आपले लॉग तपासते आणि तोवर ग्रुपवेअर चुका दाखवत राहते. आरोग्य-तपासणीची अट जोडली की डेटाबेस तयार होईपर्यंत ग्रुपवेअर थांबून राहते. डॉकरच्या लॉग-फाइलींना मूळ सेटिंगमध्ये आकाराची मर्यादा नसते. ती घालावी, नाहीतर काही महिन्यांत डिस्क भरून डेटाबेसच थांबतो.

शेवटी डिस्ट्रिब्यूशनचे स्वतःचे आयुष्य संपते. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी, ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी, थांबला आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी. अशा वेळी जुन्या यंत्रावरच ओढाताण करत चढत जाण्यापेक्षा नवे यंत्र, हवे तर वेगळ्या कुळाचे, उभे करणे बरे पडते. डीएनएस-नोंदीची साठवण-मुदत (टीटीएल) दोन दिवस आधीच कमी करून ठेवावी. नव्या यंत्रावर तीच आवृत्ती बसवावी, जुन्या ठिकाणी लिहिणे बंद करून डंप आणि फाइल-व्हॉल्यूम हलवावेत, ओव्हरराइड फाइल नेऊन तपासावी आणि मगच पत्ता वळवावा. आवृत्ती बदलायची असेल तर ती या स्थलांतरानंतर बदलावी, त्याच रात्री नव्हे. तपासणीसाठी एका शिक्षकाचे कॅलेंडर, एक मराठी नावाची फाइल आणि 'अमरावती' हा शब्द घालून केलेला शोध, एवढे तिन्ही नव्या यंत्रावर बरोबर आले म्हणजे स्थलांतर झाले असे धरता येते. जुने यंत्र त्यानंतरही एक सत्र बंद करून, पण न पुसता ठेवावे.